रिकामा कॅन, हिरवा दिवा : खारपाणपट्ट्यातल्या एका वसतिगृहाच्या डिशवॉशरचं प्रकरण

"साबन कधी संपला, मावशी?"

"परवाच. नवा कॅन आनाले गाडी गेलीच नाही."

"मंग मशीन बोंबललं नाही?"

"काहून बोंबलीन? हिरवा दिवा लागून हाये ना थो."

दिवा खरंच हिरवा होता. साबणाच्या पंपाची नळी कोरड्या कॅनमध्ये लोंबत होती, मशीन दोन दिवस नुसत्या गरम पाण्याने ताटं धूत होतं, आणि भिंतीवरचा डोसर, म्हणजे मशीनमध्ये साबण आपोआप सोडणारी पेटी, सांगत होता की टाकीत साबण अगदी हवा तेवढा आहे. त्याआधी चार महिने मी त्या वसतिगृहात तीन चकरा मारल्या होत्या. दोष काही सापडला नव्हता. तो त्या रिकाम्या कॅनने दाखवला.

मी अकोल्यात राहतो आणि हॉटेल-मेसच्या स्वयंपाकघरातली यंत्रं दुरुस्त करतो. हे वसतिगृह तेल्हारा तालुक्यात आहे. सव्वातीनशे मुलं, दोन वेळचं जेवण, आठवड्यातून एकदा तर्रीची भाजी, बाकी वरण-भात-पोळी आणि जी स्वस्त असेल ती भाजी. ताटं घासायला पूर्वी सहा बाया होत्या. कापसाची वेचणी सुरू झाली की त्यातल्या चार शेतात जायच्या, आणि जायच्याच, कारण वेचणीची मजुरी जास्त. मग वॉर्डन मुलांनाच ताटं घासायला बसवायचे आणि पालकांची बोलणी खायचे. अशात एका माजी विद्यार्थ्याने नागपुरातल्या बंद पडलेल्या हॉटेलातलं हूडचं डिशवॉशर मिळवून दिलं. डोसरसकट. हॉटेलात ते सुरेख चालायचं, असं तो सांगत होता. ते खोटं नव्हतं.

मशीन काय करतं

घरचं डिशवॉशर ज्यांनी पाहिलंय त्यांना हे थोडं वेगळं वाटेल. घरच्या मशीनमध्ये दर वेळी नवं पाणी आणि नवी गोळी. हूडच्या मशीनमध्ये खाली एक टाकी असते, या मशीनची २५ लिटरची. त्यात साधारण ६० अंशांचं साबणाचं पाणी असतं आणि तेच पाणी फिरून फिरून ताटांवर मारलं जातं. ताटांचा रॅक आत ढकलायचा, हूड (वरचं झाकण) खाली ओढायचा, मिनिटभर धुणं, आणि शेवटी बॉयलरमधलं ८२ अंशांच्या वरचं स्वच्छ पाणी वरून फवारून रिन्स. हे रिन्सचं पाणी टाकीतच पडतं आणि तेवढंच जुनं पाणी ओव्हरफ्लोमधून बाहेर जातं.

म्हणजे दर रॅकला साबण पातळ होतो. किती, ते मी मोजलं. टाकी काठोकाठ भरून रिकामा रॅक फिरवला आणि ओव्हरफ्लोच्या पाइपखाली दुधाचं माप धरलं. अडीच लिटर आले. टाकीचा दहावा हिस्सा. साबण मध्ये टाकलाच नाही तर सातव्या रॅकपर्यंत तो निम्म्यावर येतो. सव्वातीनशे मुलांच्या एका जेवणाला तीसेक रॅक लागतात. निम्म्याचं निम्मं, त्याचं निम्मं करत जा, शेवटच्या ताटांच्या वाट्याला काय उरतं ते दिसेल. म्हणून डोसर लागतो.

साबण म्हणजे फेसाचा साबण नव्हे. फेस झाला तर पंप हवा ओढतो. हा द्राव कॉस्टिक सोड्याचा, हाताला लागला तर कातडी सोलणारा. सोडा पाण्यात विरघळला की पाण्यातून वीज सहज जाते. जितका सोडा जास्त, तितकी वाहकता जास्त. डोसरची सगळी हुशारी एवढ्यावरच उभी आहे. टाकीत दोन धातूची टोकं बुडवायची, त्यांच्यातून किती वीज जाते ते पाहायचं, ठरवलेल्या आकड्याखाली गेली की पंप चालवायचा. आकडा मिलिसीमेन्समध्ये, म्हणजे वाहकतेच्या मापात, असतो. नागपूरच्या हॉटेलवाल्याने तो ५ वर लावलेला होता.

डोसरला साबण दिसत नाही, हे इथे ध्यानात घ्यावं लागतं. त्याला वीज दिसते. वीज सोड्याने नेली की मिठाने, हे त्याला कळायचा काही मार्ग नाही.

आणि आपण आहोत खारपाणपट्ट्यात.

चार महिने काय चाललं होतं

बाहेरच्यांसाठी सांगतो. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना जो पट्टा आहे, तिथलं भूगर्भातलं पाणी खारं. बोअर मारा, पाणी लागेल, पण चहात टाकलं तर दूध फाटेल आणि तूर शिजता शिजणार नाही. अकोट-तेल्हाऱ्याकडे सातपुड्याच्या पायथ्याच्या वान धरणाचं गोडं पाणी नळाने येतं. या वसतिगृहात नळाचं पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला, आणि धुण्याभांड्याला बोअर. पण गच्चीवरची टाकी एकच. नळाला भरपूर आलं की तीच टाकी नळाने भरायची, नाही आलं की बोअर चालू करायचा. एकाच दिवशी सकाळी गोडं, संध्याकाळी खारं, असं सर्रास.

पहिल्या महिन्यात तक्रार आली की ताटं चिकट राहतात. हात फिरवला की भाताचा पापुद्रा जाणवायचा. साबणवाल्याने सांगितलं, मशीन जुनं आहे. मी वॉश-आर्म, म्हणजे पाणी फवारणारा दांडा, उघडून नोझलमधले क्षार काढले, त्याने दोन दिवस बरं वाटलं. मग वॉर्डननी साबण बदलला. मग बायांवर आलं, की त्या खरकटं नीट झाडत नाहीत. तेही थोडं खरं होतं, त्यामुळे सगळ्यांना पटलं आणि खरं कारण आणखी महिनाभर लपून राहिलं.

तिसऱ्या चकरेत मी जो उद्योग केला तो सांगायला लाज वाटते, पण प्रकरण लिहायचं तर तो टाळता येत नाही. मी आकडा वाढवला. ५ वरून सरळ १०. ताटं त्याच संध्याकाळी चकाचक झाली, मला चहा मिळाला, मी निघालो. आठवड्याने फोन. मावशींच्या बोटांना भेगा पडल्या होत्या आणि मुलं सांगत होती की वरण ताटात पडलं की कडेने लाल होतं.

हळदीचा डाग साबणाने लाल होतो हे आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक असतं. वरण लाल होतंय म्हणजे ताटावर सोडा राहतोय. मी आकडा पुन्हा खाली आणला. ताटं पुन्हा चिकट. त्यानंतर ती रिकाम्या कॅनची सकाळ आली.

हिशेब

आरओ दुरुस्त करणाऱ्यांच्या खिशात असतो तसला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) दाखवणारा पेन माझ्याकडेही असतो. त्या सकाळी बोअरच्या पाण्यात बुडवला तर १७०० पीपीएम, म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम, दाखवले. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, ५०० पर्यंत ठीक आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या, असं आहे. म्हणजे हे पाणी काही आक्रीत नव्हतं, या भागात याहून खारी बोअर पुष्कळ आहेत. पण हे पेन मुळात वाहकताच मोजतात आणि तिला साधारण अर्ध्याने गुणून टीडीएस म्हणून दाखवतात. उलट केलं तर वाहकता ३.४ मिलिसीमेन्स. नळाचं पाणी त्याच पेनने २५०, म्हणजे ०.५.

हे आकडे २५ अंशांना आणून दाखवलेले. पाणी तापलं की वाहकता दर अंशाला अंदाजे दोन टक्के वाढते. आपली टाकी ६० अंशांना, म्हणजे ३५ अंश वर, म्हणजे सत्तर टक्के जास्त. नागपूरच्या त्या डोसरला तापमान दुरुस्त करायची सोयच नव्हती. तो टाकीतला आकडा जसाच्या तसा बघायचा.

आता मांडा. लिटरमागे २ मिली साबण टाकला की या साबणाने वाहकता २.५ ने वाढते. हे मी बादलीत करून पाहिलं. ६० अंशांना ते ४.२५ होतात. गोड्या पाण्याचे स्वतःचे ०.८५. बेरीज ५.१. हॉटेलवाल्याने ५ चा आकडा काही अंदाजपंचे लावला नव्हता, त्याच्या पाण्याला तो चपखल होता.

बोअरचं नुसतं पाणी ६० अंशांना : ३.४ गुणिले १.७, म्हणजे ५.८.

साबणाचा थेंब नाही, तरी आकडा ५ च्या वर. डोसर म्हणतो, पुरे झालं. आणि मी १० लावला तेव्हा? खाऱ्या पाण्यात ५.८ अधिक ४.२५, अगदी बरोबर. पण नळाच्या पाण्याच्या दिवशी १० गाठायला त्याने नऊ मिलिसीमेन्सहून थोडा जास्तच साबण ओतला, म्हणजे हव्या त्याच्या दुपटीहून जास्त. खाऱ्या दिवशी साबण बरोबर आणि गोड्या दिवशी वरण लाल. वॉर्डनना हा हिशेब मी हजेरीच्या वहीच्या मागच्या पानावर करून दाखवला. ते गणिताचे शिक्षक. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : "म्हणजे बायांचं काही चुकलं नव्हतं?"

मी म्हटलं, नव्हतं. त्यांनी मावशींना बोलावून ते सांगितलं, हे मला आवडलं.

पाणी सुधारायचं की डोसर

सॉफ्टनर बसवा, असा सल्ला दोघांनी दिला. सॉफ्टनर पाण्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम घालतो. जडपणा जातो, साबण कमी खर्ची पडतो, बॉयलरला पापुद्रा धरत नाही. पण क्षारांची एकूण बेरीज जवळपास तेवढीच राहते, वाहकताही. डोसर तेवढाच फसला असता. आरओ बसवला तर वाहकता उतरते, पण आरओ जेवढं पाणी देतो त्याच्या बरोबरीने नाहीतर जास्तच फेकून देतो, आणि इथे उन्हाळ्यात बोअरही धापा टाकतो. दोन वेगळ्या टाक्या करणं हा सगळ्यात सरळ उपाय होता. त्याला गच्चीवर बांधकाम लागतं, बांधकामाला मंजुरी लागते, मंजुरीला जे लागतं ते लागतं. म्हणून डोसरच नवा करायचं ठरलं, आणि तो स्वस्तात, कारण बाजारातल्या चांगल्या डोसरची किंमत ऐकून वॉर्डननी विषय हवामानावर नेला होता.

मेंदू म्हणून ईएसपी३२ चा, प्रोग्राम घालता येणारा छोटा बोर्ड घेतला. तापमानासाठी डीएस१८बी२० हा सेन्सर, तो स्टीलच्या टोपणातला. १२५ अंशांपर्यंत टिकतो आणि ८५ पर्यंत अर्ध्या अंशाच्या आत खरं सांगतो. दीड-दोनशे रुपयांच्या आतली वस्तू, आणि या सगळ्या प्रकरणात तिने एकदाही त्रास दिला नाही.

त्रास दिला वाहकतेच्या टोकांनी. ऑनलाइन मिळणारा टीडीएसचा तयार प्रोब, म्हणजे पाण्यात बुडवायची टोकं, मागवला. पहिल्याच रॅकला आकडा वरच्या टोकाला जाऊन चिकटला. डबीवरची बारीक अक्षरं मग वाचली : हजार पीपीएमपर्यंतच मोजतो आणि ५५ अंशांवर वापरू नका. आपलं पाणी साबणाआधीच १७०० आणि टाकी ६० अंश. चौथ्या दिवशी त्याच्या टोकाचं प्लास्टिक ढिलं झालं. तो प्रोब माशांच्या पेटीसाठी चांगला असेल.

मग घरीच केला. नायलॉनचा ठोकळा, त्यात ३१६ ग्रेडच्या स्टीलचे दोन स्क्रू, मध्ये एक सेंटिमीटर अंतर, मागून इपॉक्सी. पहिल्यांदा त्यातून सरळ डीसी, म्हणजे एकाच दिशेची वीज, सोडला आणि आकडा डोळ्यादेखत घसरत गेला. डीसीने टोकांवर वायूचे बुडबुडे धरतात, आयनांचा थर साचतो, आणि आपण पाणी न मोजता तो थर मोजत बसतो. म्हणून बोर्डाच्या दोन पिनांवरून वीज आलटून पालटून द्यायची, एकदा इकडून, एकदा तिकडून, सेकंदात शेकडो वेळा, आणि दर ठोक्याच्या मध्यावर वाचन घ्यायचं. एवढं केल्यावर आकडा दगडासारखा बसला.

त्याला माप शिकवायला पोटॅशियम क्लोराइड लागतं. लिटरभर शुद्ध पाण्यात ७.४५ ग्रॅम टाकलं की २५ अंशांना वाहकता १२.८८ मिलिसीमेन्स, हे जगभर ठरलेलं माप आहे. जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून मिळालं. मी मागायला गेलो तेव्हा तिथला शिपाई म्हणाला, पोटॅश त कृषी केंद्रात भेटते. भेटते, पण ते शेतात टाकायचं लालसर पोटॅश. त्यात माती आणि मीठ दोन्ही असतं. त्याने माप लावलं असतं तर आपण पुन्हा मिठाच्याच नादी लागलो असतो.

दोन प्रोब, आणि पहिला घोळ

युक्ती साधी वाटत होती. एक प्रोब टाकीत. दुसरा मशीनला येणाऱ्या पाण्यात, बॉयलरच्या आधी. दोन्ही २५ अंशांना आणायचे आणि वजाबाकी करायची. उरलं ते साबणाचं.

पहिल्या आठवड्यात या वजाबाकीने सगळ्यात मोठा घोळ केला. सकाळी मशीनची टाकी नळाच्या पाण्याने भरलेली : ०.५ पाण्याचे, २.५ साबणाचे, एकूण ३. जेवणाच्या मध्यात कुणीतरी बोअर चालू केला आणि येणारं पाणी ३.४ झालं. बोर्डाने ३ मधून ३.४ वजा केले आणि साबण शून्याच्याही खाली गेल्याचं ठरवून पंप सोडला तो सोडलाच. मावशींनी प्लग ओढला म्हणून कॅन वाचला. टाकीत अजून बहुतेक सगळं गोडंच पाणी होतं. आत शिरणारं तेवढं खारं होतं. टाकी एकदम बदलत नाही, रॅकमागे दहाव्या हिश्श्याने बदलते. हे मीच दुधाच्या मापाने मोजलं होतं आणि प्रोग्राम लिहिताना विसरलो.

मग बोर्डाला रॅक मोजायला लावले. हूडच्या दाराचा स्विच घेतला नाही, कारण बाया मधेच हूड उचलून राहिलेली पळी आत सारतात. रिन्सचा व्हॉल्व्ह ज्या विजेवर उघडतो तिथून छोट्या रिलेने खूण घेतली. व्हॉल्व्ह उघडला म्हणजे अडीच लिटर आत आले, यात वाद नाही. दर वेळी बोर्ड टाकीच्या मूळ पाण्याचा अंदाज एक-दशांशाने येणाऱ्या पाण्याकडे सरकवतो. वीज गेली तर तो अंदाज पुसला जाऊ नये म्हणून दर रॅकला लिहून ठेवतो. इथे हे अगत्याचं, भारनियमनाची वेळ आणि जेवणाची वेळ यांचं काहीतरी साटंलोटं आहे.

आणि एकदा रॅक मोजता आले म्हटल्यावर उघड प्रश्न आला. अडीच लिटर नवं पाणी आलं, लिटरला २ मिली हवा, म्हणजे रॅकला ५ मिली साबण. झालं की. मग प्रोब कशाला?

मी दोन दिवस यावर घोटाळत होतो आणि शेवटी कामाची वाटणी केली. साबण घालायचा तो मोजून, रॅकच्या हिशेबाने. प्रोबने घालायचा नाही. प्रोबने राखण करायची. पंपाने ५ मिली ढकलले असं बोर्डाला वाटतं, पण ते पाण्यात खरंच उतरले का? सकाळी टाकी नव्याने भरली की पहिला डोस ५० मिलीचा असतो. तो पडला की वाहकता २.५ ने उडी मारते. पाणी गोडं असो की खारं, ०.५ वरून ३ ला जाईल किंवा ३.४ वरून ५.९ ला, उडी तेवढीच. उडी दिसली नाही तर कॅन रिकामा, नळी फाटलेली किंवा पंप मेलेला. लाल दिवा. नंतरच्या छोट्या डोसांची उडी पाव मिलिसीमेन्सची. ती रिन्सच्या गडबडीत हरवते, म्हणून पाच रॅकची मिळून बघायची.

ज्याला खारपाणपट्ट्यात वाहकतेवर काही चालवायचंय त्याला मी एवढंच सांगेन की आकड्याच्या मागे लागू नका, उडी बघा. मीठ आकड्यात शिरतं. उडीत शिरायला त्याला वेळ मिळत नाही.

गढूळपणा मोजायचाही खटाटोप केला. कपड्याच्या मशीनमध्ये असतो तसला सेन्सर, एका बाजूने अवरक्त उजेड आणि दुसऱ्या बाजूने तो किती पोचला याचं मोजमाप. टाकीचं पाणी कधी बदलायचं हे त्याने सांगावं अशी कल्पना. बुडबुड्यांना तो गढूळ समजायचा, म्हणून पंप थांबल्यावर वीस सेकंदांनी वाचायला लावलं. मग गुरुवारी तर्री झाली आणि त्याच्या काचेवर तेलाचा असा थर बसला की पुढचे दोन दिवस त्याच्या मते पाणी चिखल होतं. काढून टाकला. मावशी टाकीत डोकावतात आणि सांगतात. पीएचचा, म्हणजे पाणी किती अल्कधर्मी ते सांगणारा, प्रोब तर विचारातच घेतला नाही. काचेचं नाजूक टोक गरम कॉस्टिकमध्ये रोज बुडवणं म्हणजे दर महिन्याला नवा घेणं.

ताटं खरंच निघतात का

बोर्ड काही म्हणो, ताटाला विचारावं लागतं. दोन तपासण्या ठेवल्या, दोन्ही स्वयंपाकघरातल्या.

पहिली हळदीची. ताट सुकल्यावर त्यावर पाण्यात कालवलेल्या हळदीचं बोट ओढायचं. लाल झालं तर सोडा राहिलाय. यात एक बारकी अडचण निघाली : बोअरच्या नुसत्या पाण्याने विसळून वाळवलेल्या ताटावरही हळद किंचित तांबूस होते, कारण ते पाणीच अल्कधर्मी. म्हणून तसं एक ताट शेजारी ठेवायचं आणि त्याच्याशी ताडून बघायचं.

दुसरी आयोडीनची. जखमेवर लावतात ते पोव्हिडोन आयोडीन दहापट पाणी घालून ताटावर शिंपडायचं. भाताचा स्टार्च राहिला असेल तिथे निळं-काळं उमटतं. पहिल्यांदा केलं तेव्हा डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या ताटावर, जिथे भाताचा ढीग पडतो नेमक्या त्याच गोलात, काळपट चांदणं उगवलं. मावशी बघतच राहिल्या. "अरे बाप्पा, हे कायं काहून झालं?" मग त्यांनी एकेक करून वीस ताटं तपासली, मला हात लावू दिला नाही. क्रम मात्र हळद आधी आणि आयोडीन नंतर असाच हवा. ताटावर सोडा उरलेला असेल तर तो आयोडीनचा रंगच मारून टाकतो आणि घाणेरडं ताट स्वच्छ म्हणून पास होतं. तपासलेलं ताट अर्थातच पुन्हा धुवायचं.

या आयोडीननेच कळलं की बोअरच्या दिवशी रॅकला ५ मिली पुरत नाही. जड पाण्यातला कॅल्शियम साबणातला काही भाग पांढऱ्या गाळात बसवून टाकतो. येणाऱ्या पाण्याचा प्रोब २ च्या वर असेल तर रॅकला ६ मिली, असं लावलं. खरं तर जडपणा वेगळा मोजायला हवा. खारेपणा आणि जडपणा ही सख्खी भावंडं नव्हेत. पण या एका बोअरपुरतं ते जमून गेलं. दुसऱ्या गावात हाच आकडा उचलून लावू नका.

साबणाचा हिशेब असा. दिवसाला साधारण ६४ रॅक, त्याचे ३२० मिली. दोन वेळा टाकी नव्याने भरायची, त्याचे १००. दिवसाला ४२० मिली, म्हणजे वीस लिटरचा कॅन दीड महिन्याच्या वर. बोअरचे दिवस धरले तर थोडा आधी संपतो. माझ्या त्या १० च्या आकड्याने, पाणी रोज गोडं असतं तर, तो तीन आठवड्यांत संपला असता. सुट्या भागांचा खर्च अडीच हजारांच्या आसपास गेला, त्यात वाया गेलेला तयार प्रोब आणि व्होल्टेजच्या झटक्यात जळालेला पहिला बोर्ड धरून. माझी मजुरी मी लावली नाही, कारण निम्म्या चकरा माझ्याच चुकीच्या होत्या.

सुटलं नाही तेही आहे. खाऱ्या पाण्याचे पांढरे ठिपके ताटावर वाळतात, त्याला डोसर काही करू शकत नाही. स्वस्त स्टीलच्या ताटांना गरम क्लोराइडने टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडू लागलेत. टाकीतल्या प्रोबवर पंधरा दिवसांत क्षारांची खपली धरते आणि उडी लहान दिसू लागते. ती लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून काढायची, आणि ते पाणी साबणाच्या कॅनजवळ न्यायचं नाही. हे काम दर एकादशीला करायचं असं मावशींनी ठरवलंय. त्या दिवशी उपासाची भगर असते आणि ताटं कमी निघतात.

गेल्या महिन्यात सकाळी साडेसहाला फोन आला.

"भाऊ, लाल लागला."

"कॅन संपला असंन, मावशी."

"कॅन अर्धा भरेल हाये. म्या हालवून पायला. पंपबी फिरून रायला, आवाज येते."

मी म्हटलं पंपाचं झाकण उघडा, आधी प्लग काढा, हातमोजे घाला. फोन त्यांनी ओट्यावर ठेवला. भांड्यांचा आवाज, मुलांचा गलका, आणि मग त्यांचा आवाज : "नयी फाटली ना बाप्पा मधातून. समदा साबन खालच्या डब्यात गयून रायला."

आतली नळी सिलिकॉनची होती. कॉस्टिकला सिलिकॉन टिकत नाही, हे मला माहीत होतं आणि सँटोप्रीनची, म्हणजे कॉस्टिकला टिकणाऱ्या रबराची, नळी मागवायची मी दोनदा राहू दिली होती. त्या दिवशी मागवली. येईपर्यंत चार दिवस मावशींनी औषधाच्या टोपणाने दर रॅकला ५ मिली हाताने टाकले, आणि खारं पाणी आलं की ६.